चाटी गल्ली, मधला मारुती, नवी पेठ : सोलापूरच्या बाजाराच्या आठवणी

उत्तरकसबा

सोलापूर म्हटलं की बाहेरची माणसं चादर, शेंगाचटणी आणि ऊन यांवर थांबतात. आपण जे इथं वाढलो, त्यांचं सोलापूर बाळीवेशीपासून नव्या पेठेपर्यंतच्या रस्त्यांवर होतं. टिळक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली, फलटण गल्ली, सराफ कट्टा, माणिक चौक, सोन्या मारुती, दत्त चौक आणि तिथून नवी पेठ. एकट्यानं झपाझप चाललं तर लवकर उरकतं. आईबरोबर निघालं की अख्खी संध्याकाळ जायची.

या बाजाराबद्दल इथं लिहूया. दुकानांची नावं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, ती यादी नको. तिथं व्यवहार कसा व्हायचा, कोण कुठून यायचं, भाव कुठल्या भाषेत ठरायचा, पैसे कधी चुकते व्हायचे, ते लिहा. ज्यांनी हे केलं ती पिढी आता थकली आहे. त्यांच्याकडून ऐकलेलं आपणच लिहून ठेवलं पाहिजे.

मी बस्त्यापासून सुरुवात करते, कारण चाटी गल्ली बस्त्यावर उभी होती. माझे मामा तिथल्या एका पेढीवर कामाला होते आणि शाळा सुटल्यावर माझा मुक्काम बऱ्याचदा तिथंच असायचा.

लग्नघरची माणसं सकाळीच येत. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी तर झालंच, शिवाय इंडी, विजापूर, गुलबर्ग्याकडचीही. नवरीकडची आणि नवऱ्याकडची दोन्ही मंडळी एकत्र. पायरीखाली चपलांचा ढीग. आत पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीला टेकून म्हातारी माणसं, मधे बायका, मुलं कडेला. एकाच्या हातात यादी. आधी शालू, मग मानाच्या साड्या, म्हणजे आई, सासू, आत्या, मावशा, करवल्या. मग आहेराच्या साड्यांचा लॉट आणि सगळ्यात शेवटी धोतरजोड्या, फेटे, टॉवेल-टोप्या.

मामांचं कसब मी जवळून पाहिलंय. साडीची घडी डाव्या हातावर ठेवायची, उजव्या हातानं पदराचं टोक धरून एकच झटका द्यायचा. पदर बरोबर गादीच्या मधोमध पसरायचा आणि काठ सगळ्यात वडीलधाऱ्या बाईच्या गुडघ्याशी यायचा. नवरीच्या पुढ्यात नव्हे, त्या बाईच्या पुढ्यात. होकार कुणाचा लागतो, हे दहा मिनिटांत हेरायचं. ती बाई काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची, साडी उलटी करून मागचे धागे बघायची, मग मान हलवायची. मान हलली की मामा साडी उजव्या बाजूला ठेवत, नाहीतर डाव्या. डाव्या बाजूचा डोंगर रात्री दुकान बंद झाल्यावर पुन्हा घडी घालून लावायचा. त्या घडीत एक सुरकुती पडली तरी मालक बोलत, कारण घडी मोडलेली साडी गिऱ्हाईक नवी मानत नाही.

एकेका साडीचा भाव लावत बसत नसत. ढीग झाला की यादी धरणारा म्हणायचा, "आता एकूण बस्त्याला काय सोडता ते सांगा." मग खरी बोलणी. चहा येई, परत चहा येई. एखादे काका रागावून पायरीपर्यंत जात आणि कोणीतरी हाताला धरून त्यांना परत आणी. सगळं जमलं की मालक नवरीला आपल्यातर्फे एक साडी देत. ती गठ्ठ्यात बांधत नसत, तिच्या हातात देत.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी

ताई, तुम्ही गादीच्या त्या बाजूनं लिहिलंत, मी या बाजूनं लिहितो. आम्ही बस्ता बांधायला येणारे.

आमच्याकडं बस्त्याला जाणं म्हणजे घरातलं पहिलं कार्य. भावकीतल्या प्रत्येक घरातनं एक माणूस न्यायचं, नाहीतर रुसवा. पहाटे भाकरी, शेंगाचटणी, दह्याचं मडकं बांधून निघायचं. यादी केलेली असायची, पण खरी यादी आजीच्या डोक्यात. कुणी आपल्याला कोणत्या लग्नात कसली साडी नेसवली होती, हे तिला साल-महिन्यासकट माहीत. त्या घरच्या बाईला त्यापेक्षा हलकी साडी जाता कामा नये आणि फार भारीही नको, नाहीतर पुढच्या खेपेला त्यांना जड जायचं. हा सगळा हिशोब ती गादीवर बसून करायची आणि दुकानातला माणूस तो न सांगता ओळखायचा. पैशाबद्दलही तसंच. ज्वारी निघाली की निम्मे, उरलेले पुढच्या सुगीला. कागद झाल्याचं मला आठवत नाही. वहीत एक ओळ आणि आजोबांचं "बरं" एवढंच.

बस्ता झाला की मधल्या मारुतीला भांडी. पितळेची घागर, तांब्या, परात, समई. वजनावर भाव. तराजूत घागर चढली की आजोबा वाकून काटा बघत. भांडी घेतली की नाव घालायला बसायचं. नाव घालणारे दुकानाच्या ओट्यालाच बसलेले असत. भांडं मांडीत आडवं धरून छोट्या छिन्नीवर हातोडीचे टकटक ठोके, एकेक ठिपका. ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर. वर वधूचं नाव, खाली 'यांजकडून सप्रेम भेट' आणि तारीख. पुढं विजेचं यंत्र आलं, त्याचा गुंईऽऽ आवाज सगळ्या गल्लीत. आईच्या लग्नातल्या परातीवर हातानं घातलेलं नाव आहे. पन्नास वर्षं राखेनं घासून परात गुळगुळीत झाली, पण बोट फिरवलं की अक्षरं अजून लागतात.

---

पूर्वभाग

छान लिहिताय सगळे. पण एक गोष्ट धाग्यात यायला हवी म्हणून लिहितो. चाटी गल्ली आणि नवी पेठ हा सगळ्या सोलापूरचा रोजचा बाजार नव्हता. आमचा बाजार शहराच्या पूर्वभागातला, कन्ना चौक, कोंतम चौक, साखर पेठ आणि मंगळवार बाजार. आम्ही तेलुगू बोलणारे पद्मशाली, विणकर. वडील यंत्रमागावर, आई बिडीला. नव्या पेठेत जाणं वर्षातून एखाद्या सणाला, तेही कपडे घालून-बिलून.

ज्या चादरी घेऊन तुम्ही सगळे गावोगाव जायचात, त्या आमच्या गल्लीत विणल्या जायच्या. कारखान्यात पाऊल टाकलं की बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं आजही मोठ्यानं बोलतात, घरीसुद्धा. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेलं असतं. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं दोऱ्यानं एकमेकांना ओवून लांबच लांब माळ केलेली असते. एक कार्ड म्हणजे डिझाइनची एक ओळ. जिथं भोक, तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं धागा खालीच. त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो. पुढचं कार्ड, पुढची ओळ. असं करत करत मोर उभा राहतो. अस्सल चादर ओळखायची तर उलटी करून बघा. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, तेवढाच स्वच्छ. छापलेल्या चादरीला ही दुसरी बाजू नसते. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी सोलापुरी म्हणून बाहेर काय काय विकलं जातं ते आपण बघतोच. विकत घेताना चादर उलटी केली पाहिजे. दुकानदाराला वाईट वाटत नाही, त्याला आनंद होतो.

आम्ही मुलं शाळेतून आलो की कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळायला बसायचो. आई सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन दारात. पान ओलं करून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. संध्याकाळी बिड्या घेऊन बिडी कारखान्याच्या ब्रँचला. तिथला तपासणारा मूठभर बिड्या हातात घ्यायचा आणि त्याला नको त्या बाजूला टाकायचा. टाकलेल्या बिडीचे पैसे नाहीत. आई परत येताना गप्प असली की आम्हाला कळायचं आज बऱ्याच टाकल्या.

वडिलांचा हप्ता, म्हणजे आठवड्याचा पगार, झाला की त्याच संध्याकाळी कन्ना चौकातल्या किराणा दुकानात. आठवड्याची उधारी चुकती करायची आणि लगेच पुढच्या आठवड्याची सुरू. आमचा बाजार त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत फुललेला असायचा. इतर दिवशी दुकानं उघडी, पण गल्ली रिकामी.

---

उत्तरकसबा

@पूर्वभाग, ही बाजू आलीच पाहिजे होती. तुम्ही सांगितलेली ब्रँच आणि हप्त्याची संध्याकाळ चाटी गल्लीतल्या पेढीवर बसून कधी दिसली नसती. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाबद्दलही लिहा ना.

---

पूर्वभाग

तो दिवस आमचा. राखीपौर्णिमेला सगळं पूर्वभाग रस्त्यावर. रथापुढं मंडळं, लेझीम, ढोल आणि रस्त्यातच माग मांडून विणकाम करून दाखवायची हौस. मिरवणुकीत चालता माग आणि त्यावर उतरत जाणारं कापड. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांत देवापुढं मागच नेत असतील. त्या दिवशी पश्चिमेकडची माणसं आमच्याकडं येत. बाकी वर्षभर आम्ही तिकडं.

---

मिलचा_भोंगा

आजोबा आणि वडील दोघंही मिलमध्ये. म्हणून मला या बाजाराकडं मिलच्या बाजूनं बघायची सवय.

जुनी मिल १८७७ ची. मुरारजी पेठ हे नाव ती काढणाऱ्या मुरारजी गोकुळदासांवरून. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. गाव भोंग्यावर उठायचं. घड्याळ नसलं तरी अडत नसे. भोंगा झाला की दूध तापायचं, दुसऱ्या भोंग्याला पोरं शाळेला निघायची. आणि नव्या पेठेतली दुकानं चालायची ती मिलच्या पगारावर. पगाराचा आणि बोनसचा दिवस दुकानदारांच्या डोक्यात आमच्या आईइतकाच पक्का. दिवाळीआधी बोनस जाहीर झाला की त्याच दिवशी दत्त चौकापासून माणसं सरकायला जागा नसायची. घरात कापड एकाच ताग्यातलं यायचं. आम्हा भावांचे शर्ट एकाच कापडाचे आणि उरलेल्यातून बहिणीचा फ्रॉक. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, आख्ख्या चाळीत तसंच.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, त्याचा फटका मी बाजारात बघितला. एका दुकानात आमचं खातं होतं. वडील वर्षानुवर्षं महिन्याच्या महिन्याला भरणा करायचे. मिल बंद झाल्यावर बाकी राहिली. वडील त्या रस्त्यानं जायचं टाळू लागले, लांबच्या वाटेनं घरी यायचे. एक दिवस मालक स्वतः घरी आले. आम्हाला वाटलं, मागायला आले. ते चहा प्याले, आईला म्हणाले, "पोरांची शाळा सुरू व्हायलीय, गणवेश न्या, वहीत लिहितो." थोरल्या भावाला नोकरी लागल्यावर ती बाकी फिटली. अशी खाती त्या मालकांकडं कितीतरी असणार, कारण नोकऱ्या एकट्या आमच्या घराच्या गेल्या नव्हत्या. काही दुकानं त्या ओझ्यानं बसली, हेही खरं. गाव गरीब झालं तेव्हा तोटा फक्त कामगारांनी सोसला नाही, वही लिहिणाऱ्यांनीही सोसला.

---

शुक्रवारपेठ

वरची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या घरचंही असंच.

मी सणांबद्दल लिहिते. माणिक चौकाजवळचा आमचा आजोबा गणपती १८८५ पासूनचा. लहानपणी दर्शनाला नेताना हे साल प्रत्येक वेळी ऐकवलं जायचं. आमच्या भागातल्या दुकानदारांची पहिली वर्गणी तिथं.

पण बाजाराचं वर्ष खरं सुरू व्हायचं ते संक्रांतीच्या गड्ड्यापासून, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेपासून. यात्रेतले मानाचे सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात. दाते गणपती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा करत देवळाकडं. म्हणजे याच रस्त्यावरून. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं. नंदीध्वज पेलणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. त्यामुळं डिसेंबर लागला की शिंप्यांकडं बाराबंदीचे गठ्ठे. आमच्या वाड्यातले शिंपी काका त्या दिवसांत दुसरं शिवणच घेत नसत. बारा बंद प्रत्येकी, ते हातानं लावायचे. मी आणि माझी बहीण त्यांच्याकडं बंद उलटवायला बसायचो. शिवलेली नळी काडीनं उलटी करायची आणि टोक नीट चौकोनी काढायचं. टोक गोल राहिलं की काका काही न बोलता परत आमच्यापुढं टाकायचे.

काठी, म्हणजे नंदीध्वज, यायच्या आधी दुकानदार आपापल्या दुकानापुढचा रस्ता धुवून काढत, रांगोळीच्या पायघड्या घालत. उंचच्या उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत माणूस समोरून जातो, तेव्हा गल्लीतल्या तारा, पाट्या, छज्जे यांच्याकडं सगळ्यांची नजर. वरच्या मजल्यावरचे लोक ओरडून सांगायचे, "डावीकडं, डावीकडं घ्या!" आणि सगळा रस्ता एका आवाजात "एकदा भक्तलिंग, हर्र बोला हर्र!"

---

विजापूरवेस

माणिक चौकातून पुढं आमच्याकडं या. नंदीध्वज आमच्या वेशीतूनच जातात आणि रमजानमध्ये त्याच रस्त्यावर मीना बाजार भरतो. इफ्तारनंतर उजाडल्यासारखं. शेवया, सुका मेवा, अत्तर, बांगड्या, चपला, मुलींचे कपडे. अब्बांचं बांगड्यांचं दुकान. चाँदरातीला आमच्या घरातलं कुणी झोपत नसे. गिऱ्हाईकांत निम्म्या बायका हिंदू असत, कारण बांगड्यांची तेवढी निवड एरवी एका ठिकाणी मिळत नसे. बांगड्या भरताना अब्बा हात बघूनच माप सांगत. बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचा उंचवटा हलका दाबायचा, बोटं जुळवायची आणि बांगडी सरकन आत. एखादी फुटली की तिचे पैसे घेत नसत. सवाष्णीच्या हातावर फुटली तर "वाढली" म्हणायचे, ते शब्द अब्बांनी आमच्या शेजारच्या काकूंकडून उचललेले.

भाषेबद्दल कुणीतरी विचारलं होतं. अब्बा दखनीत बोलायचे, मराठीत भाव सांगायचे, इंडी-विजापूरकडच्या बाया "एष्टु री?" म्हणाल्या की कानडीत उत्तर आणि पूर्वभागातल्या "एंता?" म्हणाल्या की तेलुगूत. शिकले कुठं? दुकानातच. आकडे आणि "कमी करा" एवढं आलं की पुढचं गिऱ्हाईक शिकवतं.

---

लालाव_लालास

आणि त्या सगळ्या भाषांतून आपली मराठी झाली. पुण्यात पहिल्या वर्षी होस्टेलवर मी "काय करलालास बे?" (म्हणजे काय करतोयस) म्हटलं की सगळे वळून बघायचे. आता तेच मित्र फोन उचलला की मलाच विचारतात, "काय करलालास?"

---

भागवतचा_पहिला_खेळ

खरेदी आटोपली की मेकॅनिक चौकाकडं भागवत टॉकीजला पिक्चर, हे लिहायचं राहिलं का सगळ्यांचं? आमच्याकडं दिवाळीच्या खरेदीचं आमिष तेच असायचं. पिशव्या मांडीवर घेऊन पिक्चर बघितलेत. मध्यंतरात खारे शेंगदाणे. परत येताना पार्क चौकातून, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून. वडील तिथं प्रत्येक वेळी थांबून चारही नावं आमच्याकडून म्हणून घेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. मे १९३० मध्ये हे गाव काही दिवस इंग्रजांच्या ताब्यात नव्हतं आणि त्यापायी मार्शल लॉ लागला, हे मी शाळेच्या आधी त्या पुतळ्यांपाशी शिकलो. त्या चार नावांत आपला सगळा बाजार आहे, बघा.

---

नवीपेठ_आजची

मी तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे आणि आमचं दुकान आजही नव्या पेठेत आहे. सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण एक तक्रार आहे. इथं सगळं 'होतं', 'असायचं' असंच चाललंय. बाजार अजून आहे! दसऱ्याला येऊन बघा, गाडी लांब लावून चालत यावं लागतं.

बदललंय ते असं. बस्त्याला आता दोन्ही घरची मिळून पूर्वीइतकी माणसं येत नाहीत, पण पुण्या-मुंबईतल्या मावशीला फोनवर साडी दाखवावी लागते. माझा भाऊ एका हातानं पदर पसरतो, दुसऱ्या हातात फोन धरतो. मावशीला फोनवर रंग वेगळा दिसतो, म्हणून साडी दारात उन्हात न्यायची. घरपोच मागवलेले कपडे आधी अंगावर घालून बघतात, नाही पटले की परत पाठवतात, तेच आता दुकानातही अपेक्षित असतं. उधारीची वही बाबांनी बंद केली नाही, पण नवीन पानं थोडीच. जुन्या घरांचीच खाती चालू आहेत. नव्यांना फोनवरून पैसे देण्यातच सोय वाटते, तेही बरंच आहे, सुट्ट्याची कटकट गेली.

मला खंत एकाच गोष्टीची आहे. साड्या ठेवणारे, दाखवणारे, घडी घालणारे जुने लोक निवृत्त झाले की त्यांच्या जागी तसं माणूस मिळत नाही. पगार द्यायची तयारी आहे. पण दिवसभर गादीवर बसून चारशे साड्या पसरायच्या आणि चार विकायच्या, आणि तरी चारशेएकावी हसून पसरायची, हे नवीन मुलांना नको वाटतं. ताई, तुमच्या मामांसारखी माणसं आमच्याकडं दोन आहेत. बाबा त्यांना सुट्टी द्यायलाही घाबरतात.

---

मिलचा_भोंगा

@नवीपेठ_आजची, तुमचं म्हणणं पटतं. पण गर्दी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मला वाटत नाही. तेव्हा बाजारात खर्च होणारा पैसा याच गावात कमावलेला होता. आता माझ्या बहिणीच्या घरासकट कितीतरी घरांत तो पुण्याहून, हैदराबादहून येतो. पोरं तिकडं गेलीत. सणाला येतात, खरेदी करतात, परत जातात. दसऱ्याची गर्दी त्यांची. श्रावणातल्या एखाद्या साध्या बुधवारी दुकानात काय असतं, ते तुम्हीच सांगा.

---

नवीपेठ_आजची

काका, साध्या बुधवारी शांतच असतं. ते मी नाकारत नाही. पण पूर्वभागातले टॉवेलवाले परदेशी माल पाठवतात, कपडे शिवणारे गणवेशांचे मोठे कारखाने इथं उभे राहिलेत. तो पैसा इथलाच आहे. मिलएवढा नाही, पण आहे. माझ्या वर्गातल्या दोघी तिथं डिझाइनला आहेत आणि त्या बुधवारीसुद्धा येतात!

---

पूर्वभाग

गणवेशाचं खरं आहे. माझी पुतणी तिथंच. आईनं बिडीची कात्री धरलेले हात आणि पुतणीनं कापडाची कात्री धरलेले, यातला फरक मी रोज बघतो. पुतणीला पगाराची पावती मिळते. आईला ब्रँचमध्ये बिडी टाकली तर का टाकली हे विचारायची सोय नव्हती. म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं माझ्याकडून म्हणवणार नाही. बाजाराच्या आठवणी गोड आहेत, त्यामागचं काम गोड नव्हतं.

---

उन्हाळी_सुट्टी

उन्हाबद्दल कुणीच नाही? एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार चाटी गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. दोन्ही बाजूंच्या दुकानांची पालं गल्लीवर ओढलेली, खाली अंधारी सावली. दुकानदार गादीवरच आडवे. त्या वेळेत गिऱ्हाईक आलं तर उठून बसायचे, पण आधी पाणी द्यायचे आणि मग काय हवं ते विचारायचे. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हातून आलेल्या माणसाला आधी भाव सांगायचा नाही, हे माझ्या काकांनी दुकानात बसवल्यावर शिकवलेलं पहिलं. माठ दुकानाच्या दारात, तांब्या साखळीला. पाणी काही दिवसांआड यायचं तेव्हाही तो माठ भरलेला असायचा, घरातनं कावडीनं आणून.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी

मित्रहो, आता कामाचं विचारतो. धाकट्या भाचीचं लग्न मे महिन्यात आहे. घरात चर्चा चाललीय की बस्ता ऑनलाइन, पुणे का सोलापूर. मी हा सगळा धागा काल रात्री बहिणीला वाचून दाखवला आणि सोलापूर ठरलं! दोन्हीकडची मिळून पंचवीसेक माणसं असतील. आता चाटी गल्लीत एवढ्या माणसांना बसायला जागा असते का? गाड्या कुठं लावायच्या? आणि भांड्यांवर हातानं नाव घालणारं कुणी उरलंय का, की सगळं यंत्रावर?

---

उत्तरकसबा

वा! जागा आहे, वरच्या मजल्यावर मोठ्या गाद्या असतात. आदल्या दिवशी फोन करून ठेवा म्हणजे ती मोकळी ठेवतात. सकाळी दुकान उघडतानाच या, उन्हाच्या आत शालू आणि मानाच्या साड्या होऊन जातील. दुपारी जेवून परत आलात की आहेराचा लॉट. गाड्या गल्लीत आणूच नका, बाहेर मोठ्या रस्त्यावर लावा आणि वयस्कर माणसांना रिक्षानं आत सोडा. दसरा-दिवाळीएवढी नसली तरी मेमध्ये लग्नांची गर्दी असते, म्हणून जमलं तर एप्रिलच्या सुरुवातीलाच उरका.

---

शुक्रवारपेठ

हातानं नाव घालणारे एक काका मधल्या मारुतीजवळ मागच्या पाडव्याला बसलेले पाहिलेत. मी या आठवड्यात त्या बाजूला जाणार आहे, विचारून इथं लिहिते. पितळ घेणार की स्टील? स्टीलवर ते हातानं घालत नाहीत.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी

एक परात पितळेची नक्की. बाकी स्टील. ताई, विचारून ठेवा, उपकार होतील.

---

पूर्वभाग

आणि चादरी आहेरात देणार असाल तर चाटी गल्लीतून निघून आमच्याकडं या. कारखान्यात नेऊन मागावरून उतरताना दाखवतो. भाचीला घेऊन या, डिझाइन तिला निवडू दे. चार दिवस आधी सांगितलं तर हवा तो रंग लावून मिळेल.